सावरीची पाटी

शरच्चंद्र वैशंपायन, म्हणजे कर्वेनगरातल्या त्या सोसायटीचे अप्पा, टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि झाडांच्या मागे लागले. आवारातल्या एकोणीस झाडांवर त्यांनी स्वतः रंगवलेल्या पत्र्याच्या पाट्या होत्या. गुडघ्यांमुळे ते दुसऱ्या मजल्यावरून फारसे उतरत नसत. लोक पान आणून देत, अप्पा ते चष्म्यापुढे धरत आणि निकाल देत. त्यावर अपील नव्हतं. "ठाऊक नाही" हे दोन शब्द अप्पांच्या तोंडून बायकोनेही कधी ऐकले नव्हते.

तळमजल्यावरच्या केयूरला त्याच्या हडपसरच्या आयटी कंपनीने पर्यावरण दिनाला एक रोप दिलं, नाव न सांगता. ते त्याने पार्किंगजवळ लावलं. वर्षभरात चांगलं तरारलं, तेव्हा तो त्याचं पान घेऊन वर आला. एका देठाला पाच पानं, हाताच्या बोटांसारखी पसरलेली.

"सावर," अप्पा म्हणाले. "इंटरनेटला विचारत बसला नाहीस, हे बरं केलंस."

विसावी पाटी लागली.

आवार झाडणाऱ्या तुळजाबाई लोणी काळभोरच्या. वाचता येत नसल्याने पाटीवर काय लिहिलंय ते त्यांनी केयूरला विचारलं आणि खराटा घेऊनच अप्पांच्या दारात उभ्या राहिल्या.

"अप्पा, ती सावर न्हाय. आमच्या बांधाला सावर हाय. कवळ्या झाडाला तर लई काटं असत्यात. हितं एक बी न्हाय."

"आपण झाडा, तुळजाबाई. नावांचं मी बघतो."

पुढे तीन वर्षं, त्या झाडाखाली झाडताना तुळजाबाई मान वर करून सांगत, "अप्पा, अजून काटा न्हाय." गॅलरीत बसलेले अप्पा वर्तमानपत्र तोंडासमोर धरत. खरं तर पहिल्याच दिवशी त्यांच्या मनात पाल चुकचुकली होती. चौतीस पायऱ्या उतरून खोडावर हात फिरवायचा, एवढंच काम. पण खाली जे हाताला लागेल ते घेऊन पुन्हा वर यावं लागलं असतं.

चौथ्या वर्षी फाल्गुनात ते झाड फुललं. सावरीचं फूल लालभडक आणि जाडजूड. ही फुलं फिकी गुलाबी, नाजूक, कर्ण्यासारखी. गॅलरीत उभ्या अप्पांचा चहा निवून गेला. त्यांना लाज वाटली, आणि चुकीपेक्षा त्या "आपण झाडा"ची जास्त वाटली.

ते एकेक पायरी उतरले. खोडावर खालपासून हात पोचेल तिथवर हात फिरवला. काटा नव्हता. मग केयूरच्या दारात जाऊन म्हणाले, "हे झाड कोणतं, मला ठाऊक नाही. तुझ्या इंटरनेटला विचार."

दोन दिवसांनी जुनी पाटी उतरली, नवी लागली. तुळजाबाई खराटा थांबवून म्हणाल्या, "आता काय लिवलंय?"

खाली उतरलेल्या अप्पांनी वाचून दाखवलं. "टॅबेबुया. मूळ ठिकाण मध्य अमेरिका. ही सावर नव्हे, हे सर्वप्रथम तुळजाबाईंनी ओळखले."

तुळजाबाई खराटा खोडाला टेकवून पाटीजवळ आल्या. मग म्हणाल्या, "त्यात माझं नाव कुठंशी हाय, बोट ठेवा."

अप्पांनी गुडघ्यावर हात टेकून वाकून बोट ठेवलं.