मास्तरांच्या थुंकीची वाटी

एक घास चावायला आमच्या शास्त्राच्या मास्तरांइतका वेळ लावणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात झाला नसेल; आणि तेही ज्या साली चावायला घासच नव्हता त्या साली. बहात्तरचा दुष्काळ. आमचं गाव खर्ड्याकडचं. विहिरी आटलेल्या, आई आणि वडील, म्हणजे आबा, दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला. मी अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, पास झालो होतो आणि आबांनी माझ्यासाठीही एक हातोडा आणून ठेवला होता.

मास्तरांना जिवंत वस्तूच्या आत काय चालतं याचं वेड. लग्नघरी चिरलेलं वांगं काळं का पडतं हे ते आचाऱ्याला समजावत बसत आणि पंगत खोळंबे. कुणाची ज्वारी भिजून मोड आले की दाणा चावून त्यालाच विचारत, "गोड लागतोय की नाही?" तो बिचारा रडकुंडीला आलेला असे. भाकरी तर ते साखर लागेपर्यंत चघळत. खिशात कायम टिंचर आयोडीनची बाटली, त्यामुळे सदऱ्यावर तपकिरी डाग.

मला कॉलेजात धाडा म्हणून सांगायला ते घरी आले.

"नगरला जाऊन काय शिकनार त्यो?" आबांनी विचारलं.

"दाखवतोच," म्हणत मास्तरांनी आईकडून पिठाची पातळ पेज करून घेतली, चूळ भरली, एका वाटीत थुंकले आणि पेज निवेपर्यंत आबांबरोबर ओट्यावर गप्पा मारत बसले. परत येऊन त्यांनी पेजेचे दोन वाडगे केले. एकात ती थुंकी घातली, दुसरा तसाच ठेवला. थोड्या वेळानं दोन्हींत टिंचर टाकलं; पीठ असलं की ते काळंनिळं होतं. थुंकीच्या वाडग्यातलं पीठ विरघळून त्याची साखर व्हायची होती, म्हणजे तो निळा व्हायला नको होता. दोन्ही काळेनिळे झाले.

"मास्तर, ह्यासाठी पोरगं धाडू व्हय?" आबा हसले.

तेवढ्यात आई चुलीपासून पुटपुटली, "उष्टं हुतं, पन मास्तरांचं. टाकवंना. म्हनून त्या वाटीत उकळतं पानी वतलं, शुद्ध व्हावं म्हनून."

मास्तरांनी टाळीच वाजवली. "वहिनी, मारलंत की तुम्ही त्याला!"

"अगं बया! कुनाला?"

"विकराला! थुंकीतला तोच तर पिठाची साखर करतो." त्यांनी आबांच्या चंचीतला अडकित्ता उचलला. "हा सुपारीमागून सुपारी फोडतो, स्वतः संपतो का? विकराचं तसंच. पण भट्टीत वाकला तर पाती जुळतील का? उकळत्या पाण्यानं तेच झालं. आणि आबा, तुमच्या अंगातल्या कणाकणात असे नाना तऱ्हेचे अडकित्ते आहेत. ज्याला सुपारी कळते त्याला कात कळत नाही."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "मंग माज्या थुकीतबी हाय?"

"थुंका की!"

आबा थुंकले. पुन्हा पेज, पुन्हा टिंचर. या वेळी आबांचा वाडगा निळा झालाच नाही. आबांनी तो उचलून उजेडाला धरला.

"हे अडकित्तं घडवतं कोन, मास्तर?"

मास्तरांनी अडकित्ता चंचीत परत ठेवला. "दुसरे अडकित्ते घडवतात, असं वाचलंय," ते हळूच म्हणाले. "पण कसे, ते मला नीट येत नाही, आबा."

"मंग ह्याला शिकू द्या," आबा म्हणाले. "मला कळाय पायजे."

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, अडकित्ते कसे घडतात ते मला नीट समजलं. सुट्टीत आबांना ओट्यावर बसवून सांगितलं. मास्तरांना सांगायचं राहून गेलं. ते त्याआधीच वारले. मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर.