हिरव्या चांदण्यातला साकव

माझे बाबा, देवजी, कधी घाईत असलेले मी पाहिलेच नाहीत. भातसा धरणावर ते पाण्याची पातळी वाचायला होते. सकाळी काठावरच्या खांबाचा आकडा बघायचा, वहीत लिहायचा, कचेरीत कळवायचा, असं पस्तीस वर्षं चाललं. पाणी ज्या चालीने चढतं-उतरतं त्याच चालीने ते जेवत, बोलत, चालत. आई म्हणायची, घराला आग लागली सांगितलं तरी हा माणूस आधी चपला शोधील.

रोज ज्या पाण्याचा आकडा ते लिहीत, त्याच पाण्याखाली त्यांचं गाव होतं. मला हे कळलं ते कॉम्प्युटरवरच्या एका खेळामुळे.

तेव्हा मी सात वर्षांची होते आणि आम्ही भातसानगरच्या वसाहतीत राहायचो. कचेरीत कॉम्प्युटर आला होता आणि त्याची बडदास्त एखाद्या जावयासारखी होती. खिडक्यांना जाड पडदे, आत यायचं तर चपला बाहेर, काम संपलं की वर कापड. त्या कॉम्प्युटरला एकच रंग यायचा, हिरवा. शामकाका नावाच्या कारकुनाने कुठून तरी एक फ्लॉपी आणली होती. दुपारी ते जेवायला घरी गेले की किल्ली बाबांकडे असायची. मग आम्ही दोघं एकाच खुर्चीत बसून तो खेळ खेळायचो.

खेळाचं नाव इंग्रजीत होतं, ते आम्हाला वाचता यायचं नाही. आम्ही त्याला ‘रातचा गडी’ म्हणायचो. अंधाऱ्या आभाळात हिरवा चंद्र, खाली डोंगर, आणि चांदण्यातून एक माणूस चालत निघालेला. शेवटी ओढा लागायचा. ओढ्यावर साकव, बारा फळ्यांचा, आणि पलीकडे बंद दाराचं एक घर. साकवाच्या काही फळ्या धड होत्या, काही पाय ठेवताच मोडत. कुठली मोडेल ते काही केल्या कळायचं नाही, कारण दर खेपेला जागा बदलायच्या. बाबांनी त्यासाठी वही केली होती. पाण्याच्या वहीसारखेच रकाने आखून ते मोडलेल्या फळ्या महिनोन्‌महिने लिहीत राहिले. हाती काही लागलं नाही.

माणूस ओढ्यात पडला की मी भोकाड पसरायचे. बाबा माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. “रडू नको गो. रात हाय ना, घरातली मानसं झोपली असतील. रातचं कुनाच्या दारात जायाचं नाय. आपन सकाळी जाऊ.”

बाहेर रणरणतं ऊन असायचं, पण पडद्यांमुळे खोलीत अंधार असे आणि आम्हा दोघांच्या हातांवर हिरवा उजेड पडलेला असे. आजही डोळे मिटले की मला तो डोंगर दिसतो. त्याच्यावर झाडं आहेत, झाडांत काजवे आहेत, ओढ्याला आवाज आहे.

“कुनाचं घर हाय ते?” असं मी एकदा विचारलं, तेव्हा बाबा पटकन म्हणाले, “मंगळूचं.”

मंगळू त्यांचा गावातला दोस्त. मध्ये ओढा, ओढ्यावर साकव, अलीकडे आमचं घर आणि पलीकडे मंगळूचं. दोघं दहा वर्षांचे असताना धरणात पाणी भरायला लागलं. एका संध्याकाळी बाबा साकवावरून परतताना मंगळूला म्हणाले, “सकाळी येतो, खेकड्यांना जाऊ.” आजोबांनी मात्र त्याच रात्री गाडी जुंपली आणि कोंबडं आरवायच्या आत गाव सोडलं. बाबा गाडीत मागे तोंड करून बसले होते. चांदणं पडलं होतं, मंगळूचं दार बंद होतं. मंगळूची माणसं पुढे मुरबाडकडे गेली. तो वैशाखऱ्यात असतो, रस्त्याला लागूनच घर आहे, हे बाबांना शहापूरच्या बाजारात कोणीतरी कधीच सांगितलं होतं. शहापूरहून मुरबाडला गाडी बदलली की वैशाखरे. पण बाबा गेले नाहीत. विचारलं की म्हणायचे, “जाऊ एकदा सकाळचं.” काय तोंडाने जायचं, हे त्यांना कळत नव्हतं. एवढ्या-तेवढ्या गोष्टीची कसली लाज, असं मला वाटायचं आणि त्यांचा रागही यायचा.

आता मी ठाण्यात एका कंपनीत मोबाइलवरच्या खेळांची जंगलं रंगवते. पानापानावर उजेड, पानाखाली सावली, सावलीत मुंग्या. माझं एक जंगल मी मोठ्या तोऱ्यात बाबांना दाखवलं होतं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “चांगलं हाय. पन फार दिसतंय गो.” दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

निवृत्त झाल्यावर ते शहापूरला राहायला आले. आई गेल्यावर तर आणखीच हळू झाले. उंबऱ्यात बसायचे आणि रस्ता बघायचे. गेल्या मार्गशीर्षात मला जुन्या खेळांच्या ढिगाऱ्यात आमचा ‘रातचा गडी’ सापडला. इंटरनेटवर लोक असले खेळ जपून ठेवतात; बारा फळ्यांचा पूल आणि पलीकडे बंद दाराचं घर, एवढ्या वर्णनावरून मी तो ओळखला. मी तो लॅपटॉपवर घेतला, पण उघडून पाहिला नाही. तो बाबांसोबतच बघायचा होता.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. खेळ सुरू झाला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आभाळ भडक निळं होतं, डोंगर म्हणजे तपकिरी पायऱ्या. आमचा गडी मोजून चौदा चौकोनांचा निघाला, त्याला धड नाकही नव्हतं. काजवे नव्हते, झाडंसुद्धा नव्हती. आणि आभाळात मधोमध पिवळाधमक गोळा.

बाबा पुढे वाकले. “ह्यो काय? चांद पिवळा कसा?”

मला खोटं बोलता आलं नाही. “चांद नाही बाबा, सूर्य आहे. आपल्या कॉम्प्युटरला रंग नव्हते म्हणून आपल्याला कळलं नाही. हा खेळ दिवसाचाच आहे.”

मला स्वतःचाच संताप आला. त्यांच्याकडे उरलेलं एवढंसं चांदणं मी अक्कल पाजळून घालवलं होतं. रंग काढून पडदा पुन्हा हिरवा करता येतो, हे मला ठाऊक होतं. मी हात पुढे केला.

“ऱ्हाऊ दे,” बाबा म्हणाले. “चालव त्याला.”

साकव आला. बारा फळ्या, काही निळ्या, काही लाल. आंधळ्यालाही कळलं असतं. बाबांनी स्वतः बटणावर बोट ठेवलं आणि निळी, निळी, मध्ये लाल ओलांडून पुन्हा निळी, अशी पावलं त्यांच्या नेहमीच्या चालीने टाकली. महिनोन्‌महिन्यांची वही एका मिनिटात निकामी झाली.

पलीकडच्या घराचं दार उघडलं. आतून दुसरा एक चौकोनी माणूस बाहेर आला आणि त्याने हात वर केला. बस, एवढंच. खेळ संपला.

बाबा त्या हात वर केलेल्या चौकोनांकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते आणि मी त्यांना आईच्या मागे पहिल्यांदाच असं बघत होते.

“म्हंजे जागाच व्हता गो,” ते म्हणाले. “आपनच रात समजून मागं फिरत व्हतो.”

मग ते उठले, तोंड धुतलं, निरोपसमारंभात घातलेला पांढरा सदरा कपाटातून काढून अंगात घातला. मी म्हटलं, “बाबा, आता तीन वाजलेत. पोचेस्तोवर अंधार पडेल. उद्या सकाळी जाऊ ना.”

“सकाळचं नाव काढू नको,” असं म्हणून ते पायऱ्या उतरले. चपला घालायच्या राहिल्या होत्या, मी त्या हातात घेऊन मागे धावले.

मुरबाडला गाडी बदलली. पेंढ्याच्या उडव्या मागे पडत गेल्या, डोंगर जवळ आले, ऊन तांबूस झालं. मी खिडकीतून बघत होते आणि मला डोंगराच्या नुसत्या पायऱ्याच दिसत होत्या, बाकीचं सगळं पूर्वीसारखं मनातून भरावं लागत होतं. फार बरं वाटलं.

वैशाखऱ्यात उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. रस्त्यालगतच्या घराचं दार उघडं होतं. अंगणात बाजेवर एक म्हातारा बसला होता. बाबा फाटकाशीच थांबले, त्यांना पुढे पाऊल टाकवेना. म्हाताऱ्याने कपाळावर हात धरून पाहिलं.

“कोन?”

“मी देवजी. साकवाकडचा.”

म्हाताऱ्याने बाजेवर सरकून शेजारी जागा केली.

“सकाळी येतो बोलला व्हतास ना रे?” तो म्हणाला. “सांज केलीस की.”