गेलेल्यांची ओळ

माझ्या नणंदेचे यजमान जर्मन लढाईत बसऱ्याला गेले ते लढायला नव्हे, मोजायला. पुरवठा खात्यात कारकून होते. बिस्किटांच्या पेट्या, घोड्यांचा दाणा, तंबूच्या खुंट्या. लढाईला बंदुकांपेक्षा याद्या जास्त लागतात, हे मला त्यांच्या पत्रांवरून कळलं. मी लग्न होऊन चौलला आले तेव्हा ती पत्रं थांबून चार वर्षं झाली होती. घरातल्या बायकांत वाचता येणारी मी एकटीच, म्हणून वन्सं डब्यातून जुनी पत्रं काढून माझ्यापुढे ठेवत. त्यातल्या एका पत्रात अर्धं पान खजुराच्या भावावर होतं.

"तेच वाच गं, वहिनी. त्यात ते हसतायत."

मला त्यात भाव सोडून काही सापडत नसे. पण मी वाचत असे.

वन्सं आमच्याकडे, म्हणजे माहेरीच राहत. हिरव्या बांगड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. हळदीकुंकवाचं पहिलं बोलावणं त्यांना असे, कारण वाटेला डोळे लावून बसलेली सवाष्ण जास्त पुण्याची, असं आळीत मानत. त्यांच्या यजमानांबद्दल गावात दोन मतं होती. एक, ते वारले. दुसरं, त्यांनी तिकडेच कुणी बाई ठेवली. वन्संना दुसरं मत पसंत होतं.

"ठेवली तर ठेवली," त्या म्हणत. "वेळेवर जेवायला तरी घालत असेल."

बारा वर्षं भरली त्या कार्तिकात रेवदंड्याहून त्यांचे धाकटे दीर आले. थोरला भाऊ सरकारच्या पेट्या मोजत होता, त्या काळात या धाकट्याने जहाजांना सुंभ पुरवून घरावर मंगळुरी कौलं चढवली होती. लढाईने आमच्या किनाऱ्याला दिलेल्या ज्या थोड्या वस्तू डोळ्यांना दिसत, त्यांत ती कौलं होती.

"वहिनी, शास्त्र आहे," ते वन्संना म्हणाले. "बारा वर्षं पत्ता नाही, तर दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचा. दादाला गती मिळेल."

"आणि त्यांच्या वाट्याची वाडी तुम्हाला."

दिरांनी पानाच्या तबकात फार वेळ सुपारी शोधली. मग म्हणाले, येत्या अमावास्येला भटजी ठरलेत.

पुतळा जळला की वन्सं विधवा. गवताच्या पेंढीने कुंकू पुसलं जाणार होतं. माझे यजमान म्हणजे त्यांचा भाऊ. ते चिडले, पण शास्त्रापुढे गप्प बसले. पुरुषांना असं गप्प बसणं बरं जमतं. वन्सं जेवेनात.

त्याच आठवड्यात, लढाई संपून दहा वर्षं उलटल्यावर, सरकारला आमच्या गावाची आठवण झाली. शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी दगड बसवला होता, त्याचं अनावरण ठरलं. मामलेदार आले. अलिबागहून बँड आला, त्याला लग्नातलीच गाणी येत होती, ती त्याने गंभीर होऊन वाजवली. पडदा अडकला तो शिपायाने छत्रीच्या मुठीने ओढला. मामलेदारांनी वीरमातांचा आणि वीरपत्नींचा गौरव केला. त्या साऱ्याजणी भिंतीच्या मागच्या बाजूला बसल्या होत्या. तिथून दगड दिसत नव्हता.

मंडळी चहाला गेल्यावर वन्संनी मला दगडापुढे नेलं. त्यावर एकही नाव नव्हतं, नुसत्या दोन ओळी. मी वाचलं, "चौल-रेवदंड्यातून लढाईस गेले, एकवीस. पैकी परत आले नाहीत, तीन."

वन्संनी तीन बोटं मोजली. त्या तिन्ही घरच्या विधवा मागे बसल्या होत्या, सगळ्या गावाला ठाऊक.

"म्हणजे हे न आलेल्यांत नाहीत!"

छत्रीवाला शिपाई स्वतः बसऱ्याला जाऊन आलेला होता. तो म्हणाला, "बाय, त्यो बंदूकवाल्यांचा दगूड हाय. कारकून, भिस्ती, खानसामे कुनी मोजल्यात? ते गेलंच न्हाईत, आसं धरतात."

"गेलेच नाहीत?"

"कागदावर न्हाय."

वन्सं त्या संध्याकाळी जेवल्या. अमावास्येला दीर भटजींना घेऊन आले, तर त्या ओटीवरच उभ्या. "भटजी, शाळेतला दगड पाहिलात? मामलेदारांनी पडदा काढलाय. त्यात हे गेलेलेच नाहीत. न गेलेल्या माणसाला अग्नी कसा देणार तुम्ही?"

भटजींच्या देवळाला सरकारी वर्षासन होतं. खुद्द मामलेदारांनी उघडलेल्या दगडाविरुद्ध मंत्र म्हणायचे म्हणजे विचार करायला हवा, असं म्हणून त्यांनी दर्भाची जुडी काखेत मारली. दीर म्हणाले, "हा काय पोरखेळ आहे?"

"सरकारला विचारा, भावोजी."

ते त्यानंतर आले नाहीत. मी खुशीत शिरा केला. वन्संनी तो चाखला नाही.

महिनाभर त्यांनी पत्रांचा डबा उघडला नाही. कासार आला तेव्हा हात पुढे केला, बांगड्या भरून घेतल्या, पण त्याच्याशी नेहमीसारखी घासाघीस केली नाही. शेवटी एका दुपारी विहिरीवर मला म्हणाल्या, "वहिनी, बोटीवर पोचवायला मी गेले होते. ट्रंकेची कडी तुटली होती, ती मी सुंभाने बांधून दिली. आणि आता मीच चारचौघांत सांगितलं की ते गेले नाहीत."

मी भरलेला पोहरा काठावर टेकवला, तशा त्या म्हणाल्या,

"चल शाळेकडे. करंडा घे."

शाळा सुटली होती. दगडापुढे त्यांनी विचारलं, "गेलेल्यांची ओळ कुठली?" मी वरची दाखवली. एकवीसच्या पुढे त्यांनी कुंकवाचं एक बोट टेकवलं, सवाष्णीला लावतात तसं, नीट, मधोमध. मग बोट तसंच धरून खालच्या ओळीकडे पाहत राहिल्या. ते त्यांनी पदराला पुसलं.

पावसात ते कुंकू धुऊन जाई. दसऱ्याला आम्ही पुन्हा जात असू. मास्तरांनी दोनदा तक्रार केली, सरकारी दगड घाण होतो म्हणून. आम्ही जातच राहिलो.

त्या पहिल्या दिवशी घरी आल्यावर वन्संनी डबा काढला.

"खजुराचं वाच."

मी वाचलं. या खेपेला सावकाश, भावाच्या प्रत्येक आकड्याशी थांबत, हसू कुठे आहे ते शोधत. मला नाही सापडलं. मान वर करून पाहिलं, तर वन्संना सापडलं होतं.