तळाला गेलेली बादली

ब्रेल छापखान्यात तपासनिसाची खोली मशीनपासून जितकी लांब तितकी बरी. ठिपके उठवणारं मशीन सुरू झालं की पत्र्यावर कोरडे वाटाणे ओतावेत तसा आवाज होतो, आणि तो दिवसभर थांबत नाही. म्हणून या छापखान्याने तपासनिसांना व्हरांड्याच्या टोकाची खोली दिली आहे. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, तपासायच्या कागदांचा गठ्ठा आणि संगणक. संगणकाला पडदा आहे, पण तो कधी चालू नसतो. त्याच्यावर तपासनिसांची टोपी असते.

तपासनीस जन्मांध आहेत. छापलेलं प्रत्येक पान बांधणीला जाण्याआधी त्यांच्या बोटांखालून जातं. चुकून उठलेला ठिपका ते नखाने दाबून बसवतात. चूक मोठी असेल तर पानाचा कोपरा दुमडतात आणि ते पान पुन्हा छापलं जातं. हे त्यांचं पगाराचं काम. दुसरं काम त्यांना कुणी दिलं नाही, ते आपोआप गळ्यात पडलं. छापखान्यातली जुनी फाईल सापडत नसली की माणसं व्हरांड्याच्या टोकाला येतात.

याचं कारण साधं आहे. बाकीचे लोक फाईल शोधतात ती पडद्यावरच्या चित्रांवर माउस फिरवून. एक फोल्डर उघडायचं, त्यात आत डोकवायचं, नाही मिळालं की बाहेर यायचं. तपासनिसांना चित्रांचा उपयोग नाही. ते कमांड टाइप करतात आणि उत्तर कानातल्या इअरफोनवर ऐकतात. 'फाइंड' ही त्यांची आवडती कमांड. कुठल्या फोल्डरपासून सुरुवात करायची आणि काय शोधायचं, एवढं तिला सांगितलं की ती फोल्डरातल्या फोल्डरात, त्याच्याही आतल्या फोल्डरात, अगदी शेवटच्या कपारीपर्यंत उतरते. मिळालं तर पूर्ण पत्ता सांगते. नाही मिळालं तर काही बोलत नाही.

"काका, माझ्या पडद्यावर ती कमांडची काळी खिडकी चुकून उघडली की मला धडकी भरते," मशीन चालवणारी बाई त्यांना एकदा म्हणाली होती. तिला सगळे मशीनताई म्हणतात.

"मला कुठं काळी दिसते," तपासनीस म्हणाले. "मी पांढरी धरून चालतो."

मशीनताईला दिसतं, पण ब्रेल वाचता येत नाही. तपासनिसांना ब्रेल वाचता येतं, पण दिसत नाही. दोघं मिळून एक पूर्ण माणूस होतो, असं मशीनताईचं म्हणणं. त्यातला कामसू अर्धा आपला, असंही ती म्हणते.

मागच्या वर्षी तपासनिसांना त्यांच्या शाळेतल्या बाईंचा निरोप आला: वेळ काढून येऊन जा. याच बाईंनी त्यांना ब्रेल शिकवलं. बाई स्वतःही अंध. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आता भाचीच्या घरी तळमजल्यावरच्या एका खोलीत राहतात. तपासनीस गेले तेव्हा त्या पलंगावर बसून डाव्या हाताच्या बोटांनी चादरीची शिवण चाचपत होत्या.

"कोण, घाईराव का?" त्या म्हणाल्या. शाळेत असताना तपासनिसांचं बोट ओळीवरून घसरगुंडीसारखं पळायचं. हे नाव तेव्हापासूनचं.

"हो बाई."

"पायही तसेच टाकतोस अजून. बस."

बाईंनी मांडीवर एक पातळ पुस्तक घेतलं आणि त्यांच्या हातात दिलं. तपासनिसांनी पहिल्या पानावर बोटं ठेवली. कागद मऊ होता, जुन्या सुती रुमालासारखा. ठिपके जवळजवळ सपाट झाले होते. इतक्या मुलांच्या बोटांनी ते वाचलं होतं, की वाचण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

पण त्यांनी ते ओळखलं. बाईंनी पहिलीच्या मुलांसाठी स्वतः लिहिलेलं हे वाचनाचं पुस्तक. तेव्हा तसं पुस्तकच मिळत नव्हतं म्हणून लिहिलं. विहिरीत पडलेल्या बादलीची गोष्ट. सोपी अक्षरं, लहान वाक्यं, दोन ओळींमध्ये भरपूर मोकळी जागा.

"मला याची नवी प्रत हवी," बाई म्हणाल्या. "साखरेनं बोटांची वाट लागली. उजवं गेलंच. डाव्याच्या तर्जनीत थोडी धुगधुगी आहे. डॉक्टर म्हणतात, तीही जाईल."

"ऐकायची पुस्तकं आणून देऊ का? हवी तेवढी आहेत."

"ऐकतेच आहे दिवसभर. भाचीनं कपाट भरून ठेवलंय. मला वाचायचंय. आणि मोठी पुस्तकं आता लागत नाहीत रे, ओळी एकमेकींत मिसळतात. माझं बोट पुन्हा पहिलीत गेलंय. त्याला पहिलीचंच पुस्तक पाहिजे."

तपासनिसांनी सोपा मार्ग सुचवला. "तुम्हाला पाठ असेल ना? तुम्ही सांगा, मी टाइप करतो."

"दोन पानं पाठ आहेत. बादली पडते, तळाला जाऊन बसते, सगळे काठावरून वाकून बघतात. पुढं ती वर कशी येते ते आठवेना. इतकी वर्षं मुलांना शिकवलं, आणि शेवटच गेला." बाईंचा हात पुन्हा शिवणीवर गेला. "तुला आठवतं?"

तपासनिसांना बादली आठवत होती. ती वर कशी आली ते त्यांनाही आठवत नव्हतं. पण एक गोष्ट पक्की माहीत होती: शाळेची सगळी पुस्तकं छापखान्यातल्या एका जुन्या टायपिस्टने कधीतरी संगणकावर चढवली होती. तो टायपिस्ट पुढे नोकरी सोडून गेला आणि नंतर जगातूनही गेला, पण फाईल कुठेतरी असणार. "आठवड्याभरात आणतो," ते म्हणाले.

"घाईराव," बाई म्हणाल्या, "घाई कर."

त्यांनी शिष्याला असं पहिल्यांदाच सांगितलं होतं.

छापखान्याचा साठा म्हणजे कुणी एकाने आखलेली गोष्ट नव्हती. दर वेळी संगणक बदलला की जुन्यातलं सगळं उचलून नव्यातल्या एका फोल्डरात ठेवायचं, अशी तिथली रीत. त्यामुळे 'जुना संगणक' नावाच्या फोल्डरात आणखी एक 'जुना संगणक' होता, आणि त्याच्या पोटात 'त्याआधीचा'. एक फोल्डर 'नवीन' होतं, एक 'नवीन खरं', एक 'शेवटचं' आणि एक 'शेवटचं नव्हे'.

तपासनिसांनी आधी नावाने शोधलं. बादली, विहीर, पहिली, वाचन. नावाचा तुकडा आणि त्याच्या मागेपुढे चांदणीचं चिन्ह दिलं की फाइंड त्या तुकड्याची सगळी नावं गोळा करतं. 'पहिली'ने इतकी नावं दिली की ती ऐकण्यात अख्खी दुपार गेली. पहिली सभा, पहिली सूचना, पहिली दुरुस्ती. बादलीवर फाइंड गप्प.

मग तारखेने. टायपिस्ट नोकरीत होता त्या वर्षांतल्या फायली मागितल्या. पुन्हा गप्प. का, ते थोड्या वेळाने लक्षात आलं. शेवटचा संगणक बदलला तेव्हा सगळा साठा एका दिवसात उतरवला होता, आणि उतरवणाऱ्याने जुन्या तारखा जपल्या नव्हत्या. त्यामुळे सगळ्या फायलींवर त्याच एका दिवसाची तारीख. जणू सगळं गाव एकाच दिवशी जन्मलं.

घरी बायको म्हणाली, "जेवताना तरी तो इअरफोन काढा."

"बाईंचं पुस्तक शोधतोय."

"माझा चष्मा हरवतो तेव्हा एवढं मन लावून शोधलं असतंत तर."

"चष्मा तुझ्या डोक्यावर असतो."

"ते मला सांगायला तुम्हाला दिसलं पाहिजे ना," ती म्हणाली आणि त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. थोड्या वेळाने तिने विचारलं, "बाईंच्या बोटातला जीव किती दिवस राहील म्हणाले?"

"ते कोण सांगणार."

आता उरली शेवटची वाट: नाव सोडायचं, तारीख सोडायची आणि फायलींच्या आतला मजकूर शोधायचा. त्यासाठी वेगळी कमांड आहे. ती प्रत्येक फाईल उघडून आतला शब्द न् शब्द बघते. तपासनिसांनी तिला 'बादली' शब्द दिला आणि साठ्याच्या मुळापासून सोडलं. बादल्या बऱ्याच निघाल्या. पाणी जपून वापरण्याच्या सूचनेत एक, आग विझवण्याच्या नियमांत काही, एका कोड्यात एक. विहिरीतली बादली त्यांत नव्हती.

आठवडा संपला. तपासनिसांनी भाचीला फोन करून आणखी मुदत मागितली. मागून बाईंचा आवाज आला, "त्याला म्हणावं, काल चादरीची शिवण बोटाला लागली, आज लागली नाही."

त्या दिवशी तपासनीस मशीनच्या खोलीत जाऊन बसले. एरवी ते तिथे जात नाहीत. मशीनताई छपाईची फाईल पडद्यावर उघडून पानं जुळवत होती.

"काय बघतेस?" त्यांनी विचारलं.

"तुमचं गिचमिड. एक अक्षर कळेल तर शपथ. टिंबं, फुल्या, मध्येच इंग्रजी अक्षरं. मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं."

तपासनिसांनी झटकन मान वर केली. मशीनताईला वाटलं, त्यांना राग आला.

"अहो, तुम्हीच तर मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं," ती म्हणाली. "छपाईच्या फायलीत आपली अक्षरं नसतात, ठिपक्यांची खूण असते म्हणून."

त्यांनीच सांगितलं होतं. मशीनला आपली लिपी समजत नाही. सहा ठिपक्यांच्या प्रत्येक मांडणीसाठी एक इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह ठरलेलं असतं, आणि छपाईची फाईल त्या चिन्हांचीच असते. पण ती मशीनमधून कागदावर उतरून तपासनिसांच्या बोटाखाली येते तेव्हा सरळ 'बादली' असते. जन्मभर बोटाने वाचणाऱ्या माणसाला ती फायलीत वेगळी दिसत असेल, हे माहीत असूनही सुचलं नव्हतं. ज्या पोशाखात बादली तिथे नव्हतीच, त्या पोशाखात ते तिला हाका मारत होते.

ते तिथेच मशीनताईच्या कीबोर्डसमोर बसले. बादलीतल्या अक्षरांचे ठिपके बोटांवर मोजले, एकेका मांडणीचं चिन्ह आठवून टाइप केलं, दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं दिली आणि कमांड सोडली. इथे इअरफोन नव्हता. "काही आलं तर वाच," ते म्हणाले.

मशीनताई पडद्याकडे बघत राहिली. "एक ओळ आली. जुना संगणक, त्यात जुना संगणक, त्यात त्याआधीचा, त्यात किरकोळ, त्यात…" ती पडद्याजवळ वाकली. "काका, ही तर माझी चाचणी आहे."

"कसली चाचणी?"

"चाचणीची फाईल हो. मशीनच्या सुया साफ केल्या की मी हिचं पहिलं पान काढते. ठिपके सारखे उठलेत का बघते आणि रद्दीत टाकते. मला आधीच्या माणसानं दाखवलं, त्याला त्या टायपिस्टनं दाखवलं होतं. दर सोमवारी काढते मी हे."

छापखान्यातलं प्रत्येक पान तपासनिसांच्या बोटांखालून जातं, फक्त चाचणीचा कागद जात नाही. तो वाचायचा नसतोच, त्यावर सुया बघायच्या असतात. त्यामुळे बाईंची बादली दर सोमवारी मशीनमधून वर येत होती आणि जिला वाचता येत नाही तिच्या हातून रद्दीच्या पोत्यात जात होती. ओळींमध्ये मोकळी जागा भरपूर, त्यामुळे वाकडी सुई चटकन कळते. टायपिस्टने हे पुस्तक त्यासाठीच निवडलं असावं.

"मी इतकी वर्षं तुमच्या बाईंना पोत्यात कोंबतेय," मशीनताई म्हणाली.

"फाईल पुरी आहे का ते बघ आधी."

पुरी होती. मशीनताईने त्या दिवशीचं बाकीचं काम बाजूला सारलं. मुखपृष्ठांसाठी आणलेला जाड कागद लावला, सुयांचा जोर वाढवता येईल तेवढा वाढवला आणि पानाच्या एकाच बाजूला छापलं. पान बाहेर आलं की ती तपासनिसांच्या हातात देई.

"कसं?"

"टोचतंय."

"मग बरोबर आहे."

तपासनिसांनी सगळी पानं वाचली, नेहमीसारखी, सावकाश. बादली वर कशी आली तेही वाचलं. कुठेच कोपरा दुमडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाईंकडे गेले. भाचीने पलंगाजवळ पाट आणून ठेवला, त्यावर पुस्तक मांडलं. बाईंनी डाव्या हाताची तर्जनी पहिल्या ओळीवर टेकवली, तशीच धरून ठेवली. मग बोट हललं. एक अक्षर, मग मागे येऊन तेच अक्षर पुन्हा, मग पुढचं.

"बा," बाई म्हणाल्या. "द." बराच वेळ गेला. "बादली."

भाची आत चहा ठेवायला गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

बाई वाचत राहिल्या. पाठ असलेली पानंही त्यांनी सोडली नाहीत, अक्षर न् अक्षर बोटाखालून घातलं. अडल्या तिथे तपासनिसांनी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी उजवा हात वर केला. बादली पडली. तळाला जाऊन बसली. सगळ्यांनी काठावरून वाकून पाहिलं, अंधारात कुणाला काही दिसेना. मग एक लहान मुलगी पुढे आली, तिने दोराला लोखंडी गळ बांधला आणि विहिरीत सोडला. इथपर्यंत यायला दुपार झाली.

बाईंनी बोट उचललं आणि दुसऱ्या हाताने चोळलं. "लाल झालंय का गं?"

"झालंय," भाची म्हणाली.

"म्हणजे आहे अजून जीव. आज इथंच थांबू."

"पानभरच राहिलंय, बाई," तपासनीस म्हणाले. "मी वाचून दाखवू का?"

"तू तपासलंस ना हे? शेवटपर्यंत?"

"हो."

"मग गप्प बस. उद्या ये, आणि उद्याही बोलू नकोस."

बाईंनी पुस्तक मिटलं नाही. जिथे गळ तळाला टेकला होता, त्या ओळीवर त्यांनी चादरीचा कोपरा ओढून ठेवला. तपासनीस टोपी घालून निघाले. दारापर्यंत ते सावकाश चालले, पावलं मोजून टाकावीत तसे, आणि बाई मागून ऐकत होत्या.