चित्रातलं घड्याळ

जुन्या सिनेमात नायिका रडत असली तरी माझ्या थोरल्या भावाची, दादाची, नजर नायकाच्या मनगटावर असते. चावीचं घड्याळ दिसलं की स्वारी खूश. काल चित्रप्रदर्शनात तो एका तरुणाच्या चित्रापुढे थबकला. तो तरुण म्हणजे मीच, चित्रकार मित्रासमोर ऐटीत बसलेला. आम्ही सगळे म्हातारे झालो, त्या मनगटावर मात्र अजून सव्वाचारच वाजले होते.

"अगदी माझ्या लग्नातल्यासारखं," दादा म्हणाला. सासऱ्यांनी दिलेलं ते घड्याळ हरवलं म्हणून त्याने जन्मभर सासरचे टोमणे ऐकले होते.

"तुझंच आहे, दादा. न विचारता मीच नेलं होतं. हरवलंही मीच."

पाठीत एक सणसणीत धपाटा बसला. मग दादाने दालनभर ऐकू जाईल अशी वहिनीला हाक मारली, "अगं, लवकर ये! तुझ्या बाबांचं घड्याळ सापडलं!"