धाकट्याची बोटं

"बोट परत ठेवा," पासपोर्ट कचेरीतली खिडकीमागची बाई म्हणाली.

धाकट्याने बोट पँटला पुसलं आणि परत ठेवलं. काचेच्या चौकोनाखाली उजेड फिरला, यंत्राने जरा विचार केल्यासारखं दाखवलं आणि लाल दिवा लावला.

"जरा दाबून ठेवा."

त्याने दाबलं. जन्मभर फरश्या दाबून बसवलेला माणूस तो. काच कुरकुरली.

"अहो, फोडाल! दुसरं बोट बघू."

दुसरं झालं, तिसरं झालं, दोन्ही अंगठे झाले. जेवणाला नावं ठेवणाऱ्या पाहुण्यासारखं ते यंत्र प्रत्येक बोटाला नाक मुरडत होतं. मागे रांगेत कोणीतरी मुद्दाम ऐकू येईल असा सुस्कारा टाकला. शेवटी बाईने त्याचा पंजा खिडकीतून आत ओढला, चष्मा वर केला आणि बारकाईने पाहिलं.

"तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत हो."

"होत्या," धाकटा म्हणाला. "झिजल्या."

धाकटा हे काही त्याचं नाव नव्हे. कागदोपत्री त्याचं नाव चांगलं लांबलचक होतं. पण आईवडील लवकर गेले, मोठ्या भावाने वाढवलं, आणि दादा भेटेल त्याला "हा आमचा धाकटा" असं सांगत सुटला. तेच चिकटलं. पन्नाशी उलटली, मिशा पिकल्या, परक्या देशात संसार थाटून झाला, तरी माणूस धाकटाच राहिला.

दादा गवंडी होता. धाकट्याच्या हातात पहिली थापी त्यानेच दिली आणि पहिली वाकडी फरशीही त्यानेच उखडून फेकली. या दादाची एक खोड होती. धाकटा कामावरून आलेला असो की परदेशातून विमानाने आलेला असो, कसा आहेस, प्रवास कसा झाला असल्या भानगडीत तो पडायचा नाही. धाकट्याचे दोन्ही हात घ्यायचा, तळवे वर करायचा, पेरांवरून अंगठा फिरवायचा आणि विचारायचा, "काम चाललंय ना?" हात खरखरीत लागले की त्याचं समाधान व्हायचं. मग म्हणायचा, "बस जेवायला."

सिमेंट, चुना, फरशी कापल्याची भुकटी आणि सांधे भरताना बोटानेच घासायची सवय. हातमोजे घातले तर फरशी कळत नाही, हे दादाचं शिकवणं. या सगळ्यात हात राठ झाले आणि बोटांवरच्या रेषा गेल्या, आणि रेषा गेलेल्या बोटांचं काय होतं हे आता त्या यंत्राने दाखवून दिलं होतं.

खरं तर या फंदात पडायची त्याला हौस नव्हती. इतकी वर्षं जुन्या पासपोर्टावर आणि इथल्या राहण्याच्या कार्डावर त्याचं भागत होतं. पण कार्डाची मुदत दर काही वर्षांनी संपायची, आणि मागच्या खेपेला दादाला भेटून परत येताना विमानतळावर त्याला एका खोलीत असं बसवून ठेवलं, जसं काही फरश्यांच्या खोक्यात बॉम्ब आणलाय. बाहेर बायको रडकुंडीला आलेली. घरी आल्यावर ती म्हणाली, "अहो, एकदाचे नागरिक होऊन टाका. रोजची कटकट मिटेल."

कटकट मिटेल! धाकट्याला हे वाक्य पुढे कितीदा तरी आठवलं, आणि प्रत्येक वेळी दात-ओठ खावेसे वाटले.

रीतसर सगळं झालं. परीक्षा दिली, एका मोठ्या सभागृहात अनोळखी माणसांच्या गर्दीत उजवा हात वर करून शपथ घेतली, टाळ्या वाजल्या. दाराशी टेबलावर एका हसतमुख माणसाने त्याचं राहण्याचं कार्ड घेतलं आणि कात्रीने कापलं. आता याची गरज नाही म्हणाला. जुना पासपोर्ट त्याआधीच जुन्या देशाच्या वकिलातीत जमा झाला होता. त्यांनी त्याचा कोपरा छाटून तो रद्द केला. राहिला फक्त नवा पासपोर्ट. पूर्वी तो सहीवर मिळायचा, पण नेमकं त्याच सुमाराला हे बोटांचं यंत्र आलं. म्हणजे जुनं सगळं कापून झालं होतं आणि नवं मिळायचं नाव नव्हतं. माणूस नागरिक झाला आणि देशात कोंडला गेला.

एरवी त्याने हेही सोसलं असतं. पण तिकडे दादा विसरायला लागला होता.

सुरुवातीला चष्मा विसरायचा, मग वार विसरायला लागला. मग एक दिवस वहिनींचा फोन आला. "भावोजी, आज यांनी मुलालाच विचारलं, तुम्ही कोणाकडे आलात म्हणून. तुमचं नाव मात्र रोज घेतात. धाकटा कधी येतोय, धाकटा कधी येतोय. पण उद्याचं मी सांगू शकत नाही. तुम्ही लवकर या."

तेव्हापासून रोज फोनवर धाकटा आपले तळवे पडद्यासमोर धरायचा. दादा पडद्यावर अंगठा फिरवायचा आणि पुटपुटायचा, "काचेसारखं लागतंय. ये तू." कधी ओळख लगेच पटायची, कधी वहिनींना दोनदा सांगावं लागायचं. फोन ठेवला की धाकटा भिंतीकडे बघत बसायचा.

तो दुसऱ्यांदा कचेरीत गेला. दिवा लाल. तिसऱ्यांदा गेला तेव्हा बाईला त्याची दया आली.

"तातडीचा कागद असतो एक," ती म्हणाली. "घरचं कोणी अत्यवस्थ असेल तर बोटांशिवाय मिळतो. डॉक्टरांचा दाखला आणा."

वहिनींनी धावपळ करून दाखला मिळवला, पाठवला. बाईने तो शेवटपर्यंत वाचला आणि तिच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"यात तर लिहिलंय, प्रकृती उत्तम आहे."

"प्रकृती उत्तमच आहे. माणसं विसरतोय."

"पण जिवाला धोका नाही ना?"

"बाई, तो मला विसरायच्या आत मला पोचायचंय. विसरल्यावर तिथे जाऊन मी काय करू?"

तिने पडद्यावर वरपासून खालपर्यंत पाहिलं. खरोखर पाहिलं, कबूल करायला हवं. मग म्हणाली, "हे कारण यादीत नाही हो."

मरत असेल तर जा, विसरत असेल तर थांब. असला नियम करणाऱ्याला कधी भाऊ नसावा.

मग तो जुन्या देशाच्या वकिलातीत गेला. म्हटलं आपली माणसं आहेत, काही वाट काढतील. तिथल्या साहेबाने चहा विचारला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुम्ही आता आमचे नाही. पाहुणे म्हणून अवश्य या. व्हिसा देतो की. नवा पासपोर्ट तेवढा आणा."

"तोच तर मिळत नाही."

"मग आमचाही नाइलाज आहे."

हे म्हणतात आमचे नाही, ते म्हणतात आमचे आहात पण बोटं दाखवा. दोघेही बोलायला अगदी गोड. भांडायचं तरी कोणाशी? धाकट्याने वकिलातीच्या पायरीवर पाय आपटला तर फरशी पोकळ वाजली. खाली सिमेंटचा मसाला नीट भरला नव्हता. त्याचा संताप आणखी वाढला.

शेवटी उपाय खिडकीमागच्या बाईनेच सुचवला. "काम बंद करा. सिमेंटला हात लावू नका. रोज मलम चोळा, सुती हातमोजे घाला. कातडी नवी आली की रेषा येतात. एका माळीणबाईच्या आल्या होत्या."

झालं. धाकटा घरी बसला. बायको सकाळ-संध्याकाळ त्याच्या बोटांना मलम चोळायची आणि पांढरे हातमोजे चढवायची. भांडी नाहीत, झाडू नाही, लसूण सोलणंसुद्धा नाही. ज्या माणसाला सुट्टीच्या दिवशीही काही ठोकल्याशिवाय चैन पडायचं नाही, तो हात मांडीवर ठेवून खिडकीत बसू लागला.

"नवाबसाहेब, पाणी हवंय का?" बायको चिडवायची.

"विष दे," धाकटा म्हणायचा.

एकदा ती बाजारातून आली तर हा न्हाणीघरात उकिडवा बसलेला. हातमोजे बाजूला काढून ठेवलेले आणि हातात थापी.

"अहो! काय करताय?"

"एक फरशी हलत होती."

"हलू दे ना! घर पडलं तरी पडू दे!" तिने थापी हिसकावली आणि तिचा आवाज एकदम फुटला. "दादा तिकडे वाट बघतायत, आणि तुम्हाला फरशी सुचते? मला नाही का वाटत तुम्ही पोचावं म्हणून?"

धाकट्याने मुकाट्याने हात धुतले आणि तिच्यापुढे केले. तिने मलम काढलं. मग एकेक बोट चोळून हातमोजे चढवले.

हळूहळू कातडी सोलवटली, खालून गुलाबी, मऊ कातडी आली. तिच्यावर बारीक वळणावळणाच्या रेषा दिसू लागल्या. धाकट्याला त्या आपल्या वाटतच नव्हत्या. पण यंत्राला आवडल्या. पहिल्याच बोटाला दिवा हिरवा झाला. बाईने आनंदाने टाळी वाजवली. मागे रांगेतल्या कोणीही सुस्कारा टाकला नाही.

पासपोर्ट आला. मग व्हिसा. व्हिसाच्या अर्जात येण्याचं कारण विचारलं होतं आणि भावाकडे जाणं हे काही तिथे दिलेल्या कारणांत नव्हतं. त्याने पर्यटन या शब्दापुढे खूण केली. खूण करताना पेन इतक्या जोरात दाबलं की कागद फाटला आणि अर्ज नव्याने भरावा लागला.

या सगळ्यात किती काळ गेला ते धाकट्याने मोजायचं सोडून दिलं होतं. फोनवर आता दादा तळव्यांकडे बघायचा नाही. वहिनी म्हणायच्या, "फोनमुळे कळत नाही त्यांना. तुम्ही समोर आलात की बघा, लगेच ओळखतील." धाकट्याने या एका वाक्यावर तग धरला होता.

जन्मला त्या देशात तो परक्यांच्या रांगेतून शिरला. तिथेही बोटं मागितली. दिवा झटकन हिरवा. इतका झटकन की त्याला रागच आला.

वहिनींनी दार उघडलं. दादा खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. वाळला होता, पण ताठ बसला होता. धाकटा पुढे जाऊन गुडघ्यावर बसला आणि काही न बोलता दोन्ही हात पुढे केले.

दादाने हात घेतले. तळवे वर केले. अंगठा पेरांवरून फिरवला, एकदा, आणि परत एकदा. मग अदबीने ते हात खाली ठेवले.

"बसा ना साहेब," तो म्हणाला. "वर बसा."

"दादा, अरे मी. धाकटा."

दादा हसला. थट्टा समजून घ्यावी तसा हसला. "आमच्या धाकट्याचे हात असे नाहीत. तो काम करतो. येईल एवढ्यात, तुमची गाठ घालून देतो."

हे सांगताना त्याच्या आवाजात इतका अभिमान होता की धाकट्याने आपले हात मागे घेतले. वहिनी पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

सरकारला पटावं म्हणून ज्या बोटांना इतकं जपलं, त्याच बोटांनी घात केला होता. धाकटा मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला. राग कोणावर काढावा ते कळत नव्हतं. त्या बाईवर नाही, यंत्रावर नाही, दादावर तर नाहीच. समोर मोरीजवळच्या फरश्या उखडून वर आल्या होत्या. दादानेच बसवलेल्या, आता जुन्या झालेल्या.

"वहिनी," त्याने आत हाक मारली, "घरात सिमेंट आहे का?"

दुसऱ्या दिवसापासून तो कामाला लागला. मोरी झाली, मग अंगण, मग स्वयंपाकघर. उघड्या हातांनी मसाला कालवला, उघड्या बोटांनी सांधे घासले. नवी कातडी पहिल्याच दिवशी सोलवटली, दुसऱ्या दिवशी चिरली. जेवताना बोटं झोंबायची. बायकोचा रोज फोन यायचा.

"हातमोजे घालताय ना? परत येताना इथल्या विमानतळाच्या दारात तेच यंत्र आहे म्हणतात. बाहेरच ठेवतील हो तुम्हाला."

"घालतोय, घालतोय," तो म्हणायचा. तोवर पेरांवरचं रक्त सिमेंटमध्ये वाळलेलं असायचं.

दादा खुर्ची ओढून शेजारी बसायचा. "साहेब, ओळीची दोरी ढिली पडलीय," म्हणायचा. धाकटा दोरी ताणायचा. एकदा दादाने एक फरशी उखडायला लावली. वाकडी होतीच. पण दादाच्या लेखी हा धाकटा नव्हेच. खरा धाकटा अजून यायचाच होता, रोज संध्याकाळी दादा त्याची वाट बघायचा.

निघायच्या दिवशी गाडी दारात आली. चालकाने सामान चढवलं. धाकट्याने मनाशी ठरवलं होतं की आता काही विचारायचं नाही, परीक्षा घ्यायची नाही. तो निरोप घ्यायला खुर्चीपुढे वाकला, तेवढ्यात दादानेच त्याचे हात धरले. तळवे वर केले. अंगठा पेरांवरून फिरला, एका भेगेपाशी थांबला, पुढे सरकला.

"काम चाललंय ना?"

"चाललंय, दादा."

"मग बस की जेवायला. उभा काय राहिलास?"

बाहेर चालकाने हॉर्न वाजवला. वहिनींनी घड्याळाकडे पाहिलं, मग धाकट्याकडे पाहिलं.

"वहिनी," धाकटा म्हणाला, "ताट वाढा."