पंखावरची पुट्टी

घरी विमान बांधायला किती वेळ लागतो, हे मला रोह्याच्या बाजारात निदान शंभर लोकांनी विचारलं असेल. भाजीवाली तर पिशवी पुढे करायच्या आत विचारायची, "काय गो काकी, झालं का इमान?" मी म्हणायचे, "होतंय." मग ती वांगी निवडता निवडता म्हणायची, "माझ्या लेकीला दोन पोरा झाली, तुमचा एक इमान नाय व्हत."

खरं उत्तर तेरा वर्षं. त्यातली दोन माझ्यामुळे गेली. हे आता मी हसत सांगते, पण तेव्हा मी फार शहाणी बाई होते.

आमचे हे धाटावला कंपनीत मेंटेनन्सला होते. निवृत्तीच्या आधी काही वर्षं रजा साठवून साठवून घाटावरच्या एका छोट्या धावपट्टीवर जात आणि विमान चालवायला शिकत. परवाना मिळाला. लोक निवृत्तीनंतर फ्लॅट घेतात. ह्यांनी विमान मागवलं, तेही सुटं. रोह्याला लागून असलेल्या वरसे गावातल्या आमच्या घरासमोर ट्रक थांबला आणि लाकडी खोके उतरले, तेव्हा शेजारणीला वाटलं की आम्ही मॉड्युलर किचन घेतलं. मी तिला तसंच वाटू दिलं.

खोक्यांत अॅल्युमिनियमचे पातळ पत्रे होते, पत्रे जोडायचे रिव्हेट पिशव्या भरभरून होते, नकाशे होते आणि एक जाड पुस्तक होतं. पुस्तकात लिहिलं होतं की रोज दोन-तीन तास काम केलं तर चार वर्षांत विमान तयार. हे लिहिणाऱ्याच्या घरी पाहुणे येत नसावेत. लाइटही जात नसावी.

ह्यांना एकच हवं होतं: ते विमान स्वतः चालवायचं. दुसऱ्या कुणी उडवून दाखवलेलं चालणार नव्हतं. आणि त्याला एक अडचण होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदूची सुरुवात सांगितली होती. थेंब घालत राहा, काही वर्षं निघतील, म्हणाले. नजरेच्या तपासणीत नापास झाले की परवाना गेला. हे आम्हा दोघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हे थेंब घालत आणि कामाला लागत. सकाळी सात ते दुपारी तीन, कंपनीतल्या पहिल्या शिफ्टसारखं. मधे अर्धा तास जेवण. कधी होणार विचारलं की म्हणत, "झालं की झालं."

हे वाक्य मला सहन होत नसे. मी पेणची. आमच्या माहेरी गणपतीचा कारखाना. तिथे एखाद्या कामाला किती दिवस लागतील असं कुणी विचारतच नाही. चतुर्थीला किती दिवस उरले तेवढंच विचारतात. मूर्ती साच्यातून काढणं, सांधे बुजवणं, घासणं, रंग, शेवटी डोळ्यांची आखणी, सगळं त्या एका दिवसापासून मागे मोजत यायचं. तारीख नसलेलं काम मी जन्मात पाहिलं नव्हतं. पाचव्या वर्षी विमानाचे दोन पंख तयार होऊन पडवीत लाकडी घोड्यांवर आडवे ठेवलेले होते, धड मागल्या शेडमध्ये अर्धं होतं, आणि तारीख मात्र नव्हती.

त्या वर्षी गणपतीला मी पेणला गेले. पंगतीत माझ्या वहिनीने सगळ्यांसमोर वाढता वाढता विचारलं, "काय वन्सं, तुमचं विमान अजून जमिनीवरच?"

आता गप्प बसून वरण ओतून घ्यायचं की नाही? पण मी तेव्हा सत्तावन्न वर्षांची पोर होते. मी म्हटलं, "पुढच्या गणपतीला मी गाडीने यायची नाही. वरून येईन. तेवढं गच्चीवर कपडे वाळत घालू नका."

सगळे हसले. मला वाटलं मी जिंकले. परतताना कासू, नागोठणं मागे पडेपर्यंत मी खिडकीत बसून चतुर्थीपासून मागे मोजत होते.

पुढे उन्हाळ्यात हे इंजिनाचं काम शिकायला बारा दिवस बंगळुरूला गेले. घरात मी आणि ते दोन पंख. मी रोज चहा घेऊन त्यांच्यासमोर बसायचे. पत्र्यांचे जोड दिसत होते, रिव्हेटांच्या रांगा दिसत होत्या, हात फिरवला की बोटाला लागत होत्या. साच्यातून काढलेल्या मूर्तीला सांधा राहावा तसं. आमच्या कारखान्यातून अशी मूर्ती कधी बाहेर गेली नाही. बाबांनी हात तोडला असता.

पेणला कारखान्यात दादाला फोन केला. म्हटलं, पुट्टीचे डबे आणि पॉलिशपेपर पाठव.

"विमानाला?" तो म्हणाला.

"मग काय भिंतीला?"

"दाजींना विचारलंस का गो?"

"त्यांना सरप्राइज आहे."

दादाने पाठवले. त्यालाही विमानातलं माझ्याइतकंच कळत होतं.

मी पदर खोचला. एकेक रिव्हेट बुजवला, एकेक जोड बुजवला. वाळू दिलं, घासलं, पुन्हा थर दिला, पुन्हा घासलं. लहानपणी शिकलेला हात. चाळीस वर्षांनीही विसरला नव्हता. वर पांढरं अस्तर दिलं. नदीपलीकडच्या अष्टमी गावाहून नणंद पूल ओलांडून मुद्दाम बघायला आली आणि म्हणाली, "वहिनी, माशी बसली तर घसरून पडेल गं." त्या बोलण्याने मी इतकी चढले की दोन्ही पंखांच्या कडेला पीतांबराला काढतात तशी सोनेरी किनार काढली. ह्यांच्या डोळ्यांसाठी घाई करतेय असं मी स्वतःला सांगत होते. खोटं होतं. मला दिसत होती ती पेणची वहिनी, गच्चीवरून धावत साड्या काढणारी.

हे परत आले. बॅग खाली ठेवली. पंखावर हात फिरवला, बोटाच्या पेराने टकटक करून पाहिलं. मग विचारलं, "किती डबे?"

"नऊ. दोन्हींना मिळून."

ते खुर्चीत बसले. पाणी मागितलं. मी कौतुकाची वाट बघत उभी.

"काम सुरेख आहे," म्हणाले. "पण तुमचा गणपती पाटावर बसतो. याला उठायचंय."

मग समजावून सांगितलं, कंपनीत नव्या माणसाला सांगत तसं, आवाज न चढवता. विमानाचा एकेक किलो मोजलेला असतो. आणि वजनाचं एक वेळ सोड, तपासणीला माणूस येईल तो प्रत्येक रिव्हेट बघणार. मी सगळे झाकून टाकले होते. पंख कितीही गुळगुळीत असला तरी आतलं दिसल्याशिवाय सही मिळत नाही.

"घासून काढू," मी म्हटलं. "चार दिवसांचं काम."

त्यांनी पाणी संपवलं आणि नखाने पुट्टीचा एक कोपरा खरवडून पाहिला.

पत्रा पातळ. खरवडायला पत्र्याची पट्टी चालत नव्हती, ओरखडा गेला की तो भाग बाद. लाकडी पट्ट्यांनी, औषध लावून, थोडं थोडं सोडवायचं. पावसाळ्यात काहीच वाळेना. तरी दोन पत्र्यांना ओरखडे गेलेच, ते रिव्हेट उखडून बदलायचे, पत्रे बाहेरून मागवायचे, ते महिनोन्‌महिने यायचे नाहीत. मीही सोबत बसून खरवडायचे. एका शिफ्टमध्ये वीतभर जागा मोकळी व्हायची. त्या गणपतीला मी गाडीने पेणला गेले. वहिनीने दारातच ऐकवलं, "गच्ची मोकळी ठेवली होती हो." त्याच्या पुढच्या गणपतीलाही तेच म्हणाली. सगळं स्वच्छ व्हायला दोन वर्षं गेली. डाव्या पंखाच्या टोकाशी हातभर सोनेरी किनार तेवढी ह्यांनी राहू दिली. का, ते मी विचारलं नाही.

पुढे बाकीचं काम त्याच्या गतीने झालं. तेराव्या वर्षी विमान सुटं करून दोन ट्रकांतून घाटावर नेलं. आणि त्याच्या आदल्या हिवाळ्यात हे नजरेच्या तपासणीत नापास झाले होते. एका वर्षाने हुकलं. मी पेणची, मला मागे मोजता येतं. दवाखान्याबाहेर रिक्षात बसल्या बसल्या माझं मोजून झालं होतं. ह्यांचंही झालं असणार. ते एवढंच म्हणाले, "चहा घेऊ या का?"

पहिली उड्डाणं धावपट्टीवरच्या एका निवृत्त वैमानिकाने केली. सगळं ठीक निघाल्यावर त्याने ह्यांना शेजारी बसवलं. मी शेडच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. विमान धावलं, उठलं, डोंगराच्या बाजूला वळलं आणि लहान झालं. पाऊण तासाने परत आलं. वैमानिक उतरून मला म्हणाला, "काकू, वर मध्ये थोडा वेळ त्यांच्याच हातात होतं बरं का."

हे सावकाश उतरले. त्यातल्या त्यात बऱ्या उजव्या डोळ्याने अंदाज घेत, एका हाताने पंख धरत माझ्याजवळ आले. मी विचारलं, "कसं झालं?"

"छान. डावा पंख जरा जड वाटतो."

सोनेरी किनारीवर ऊन पडलं होतं. मी म्हटलं, "अहो, घासून देऊ का?"

"हात लावायचा नाही," हे म्हणाले, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले.